सात घरांचा पाहुणा

अमरावतीच्या शाळेत दुसरा मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, त्या काळी त्या गावात नोकरी मिळणे सोपे आणि राहायला खोली मिळणे कठीण होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे साऱ्या जगाला एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली होती. मुंबईच्या पेढ्यांचे मुनीम, कच्छी व्यापारी, मारवाडी अडते, त्यांचे तोलारी आणि त्यांचे आचारी यांनी परकोटाच्या आतील प्रत्येक रिकामी ओसरी भरून टाकली होती. अशा वेळी एका शास्त्रीबुवांनी आपल्या घराची माडी मला दिली. अट एकच घातली. ते म्हणाले, "मास्तर, कोणत्याही दर्शनाविषयी काहीही विचारा. तुमचे स्वतःचे मत काय, एवढे मात्र मला विचारायचे नाही. पाहुण्याला त्याचे घर विचारू नये."

या वाक्याचा अर्थ मला तेथे एक आठवडा राहिल्यावर कळला. तो कळायला एक आठवडाच लागत असे.

आपल्याकडे विचारांची जी मुख्य घराणी झाली, त्यांना दर्शने म्हणतात. दर्शन म्हणजे पाहणे. जग एकच आहे. ते पाहण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत. बहुतेक शास्त्री यांपैकी एका घराण्यात जन्म काढतात आणि उरलेल्यांचे खंडन करून कीर्ती मिळवतात. आमच्या शास्त्रीबुवांनी आठवड्याचे सात वार या घराण्यांना वाटून दिले होते. ज्या वारी जे दर्शन, त्या वारी ते त्याच दर्शनाने पाहत, बोलत आणि जेवत. बाजारात त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. सगळे त्यांना 'सात घरचे शास्त्री' म्हणत. मीही ते नाव येथे देत नाही.

क्रम असा होता. रविवार गौतममुनींचा, म्हणजे न्यायदर्शनाचा. त्या दिवशी प्रमाणावाचून एकही गोष्ट मान्य होत नसे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरातले मीठ संपल्याचे सांगितले की ते विचारीत, "कशावरून?" काकू काही न बोलता मडके आणून त्यांच्यापुढे पालथे घालीत. ते मान हलवून म्हणत, "प्रत्यक्ष. मान्य," आणि उपरणे घेऊन बाहेर पडत.

सोमवार कणादांचा. कणाद हे वैशेषिक दर्शनाचे मूळ पुरुष. सर्व पदार्थ फोडत गेले तर शेवटी ज्याचा आणखी तुकडा होत नाही असा परमाणू उरतो, असे ते सांगत. आणि शेतात सांडलेले दाणे वेचून पोट भरीत, अशी त्यांची आख्यायिका आहे. म्हणून सोमवारी शास्त्रीबुवा धान्यबाजारात जाऊन जमिनीवरचे ज्वारीचे दाणे एकेक वेचून आणीत आणि काकू तेवढ्याचीच भाकरी थापीत. दुपारी झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की त्या तिरिपीत तरंगणाऱ्या कणांकडे बोट दाखवून ते शिकवीत. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढण्याच्या चरक्यांवर, काम चाले त्या दिवसांत गावची हवाच कापसाच्या तंतूंनी भरलेली असे, त्यामुळे वैशेषिक दर्शन शिकायला अमरावतीसारखे गाव नाही, असे ते म्हणत.

मंगळवारी कपिलमुनी घरात येत. सांख्यांच्या मते पुरुष, म्हणजे आत्मा, हा केवळ पाहणारा आहे. सारी खटपट प्रकृती करते. त्या दिवशी शास्त्रीबुवा ओट्यावर बसून राहत आणि कशालाही हात लावीत नसत. मी प्रथम हे पाहिले तेव्हा काकूंकडे सहानुभूतीने पाहिले असावे. त्या विहिरीवरून घागर घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "मंगळवारचं काय घेऊन बसले मास्तर? मले तं सातही वार मंगळवारच वाटते."

बुधवार पतंजलींचा, मौन, आणि एक वेळ जेवण. गुरुवार जैमिनींचा. मीमांसा सांगते की वेदाने जे करायला सांगितले ते करावे, कारण विचारू नये. त्या दिवशी स्नानसंध्येत पळीभर पाण्याचाही फरक होत नसे, आणि दान हे विहित कर्म असल्याने दारी आलेला कोणी रिकामा जात नसे. गावातले भिक्षेकरी पंचांग पाहत नसतील, पण शास्त्रीबुवांचा गुरुवार त्यांना चुकत नसे. शुक्रवार वेदान्ताचा. शुक्रवारी एकदा मोकाट गाय अंगणात शिरली आणि काकूंनी निवडून ठेवलेली अंबाडीची सगळी भाजी खाऊन गेली. शास्त्रीबुवा समोर बसून पाहत होते. खाणारी कोण आणि खाल्ले ते काय, असा काहीसा विचार त्यांनी मांडला. "मंग आज जेवनार कोन?" असे काकूंनी विचारले. वेळेवर जेवायला मात्र ते आले.

शनिवारी वेद न मानणाऱ्यांची पाळी. ते तिघे आणि वार एकच उरलेला, म्हणून चार्वाक, बौद्ध आणि जैन आळीपाळीने येत. चार्वाकाच्या शनिवारी पुरणाच्या पोळीवर तुपाची धार थांबत नसे. जैनांच्या शनिवारी प्रत्येक वाक्याआधी 'एका परीने' हे शब्द येत. बौद्धांच्या शनिवारी सर्व काही क्षणिक असे. आदल्या दिवशी माझ्या हातून त्यांची दौत फुटली होती, मी क्षमा मागायला गेलो, तेव्हा ते प्रसन्नपणे म्हणाले, "फोडणारा गेला, ज्याची फुटली तोही गेला. तुम्ही दोघांच्या वतीने कशाला श्रमता?"

दारी येणाऱ्यांची यामुळे पंचाईत होई. म्हणून एक रीतच पडून गेली होती. आलेला मनुष्य प्रथम उंबऱ्याबाहेर उभा राहून काकूंना विचारी, "आज कोण आहे घरात?" आणि काकू तांदूळ निवडता निवडता वर्दी देत. "आज गौतम हायेत. पुरावा असंन तं आत जा." किंवा, "आज कपिल हायेत. बसले हायेत नुसते." काकूंना लिहिता वाचता येत नव्हते, परंतु कोणते काम कोणत्या मुनीकडे न्यावे, हे त्यांच्याइतके गावात कोणाला ठाऊक नव्हते. स्वतःचे मागणे त्या चार्वाकासाठी राखून ठेवीत.

चार्वाकाच्या शनिवारावर गावातील वृद्ध मंडळींचा रोष होता. त्यांना शास्त्रीबुवा एकच उत्तर देत: "ज्याच्या घरी जेवलो नाही, त्याच्या मिठाची निंदा मला करता येत नाही."

या रिवाजाचे मूळ त्यांनी मला एका बुधवारी सांगितले. म्हणजे बुधवार सूर्यास्ताला संपल्यावर. ते मूळचे कौंडण्यपूरचे. वर्धा नदीच्या काठी त्यांच्या घराण्याची पाठशाळा होती. पुढे ती वडिलांनी अमरावतीस आणली. तरुणपणी काशीहून शिकून आल्यावर नागपुरास एका सभेत त्यांनी एका वृद्ध वैशेषिक पंडिताला हरवले. सभा उठल्यावर म्हातारा त्यांच्याजवळ आला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळ, घर चांगले पाडलेस. पण ते माझे नव्हते." शास्त्रीबुवा म्हणाले, की त्या शब्दांनंतर सभेत मिळालेली शाल त्यांना अंगावर घेववेना. परत येऊन त्यांनी दोन नियम केले. एक, प्रत्येक दर्शनाच्या घरी पाहुणा म्हणून राहायचे. दुसरा, पूर्वपक्षाचा.

पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. वादात ते आधी मांडायचे आणि मग त्याचे उत्तर द्यायचे, ही जुनीच रीत आहे. शास्त्रीबुवांनी तिला एक कलम जोडले: ज्याचे म्हणणे मांडले त्याने 'होय, माझे म्हणणे हेच' असे म्हटल्यावाचून उत्तर द्यायला तोंड उघडायचे नाही. त्यांच्या पाठशाळेत या कलमामुळे एकेका वादाला तीन तीन दिवस लागत. बाजारात मात्र त्याचा उपयोग झटपट होई. एकदा भाजीबाजारात दोन माळणी बसण्याच्या जागेवरून भांडत होत्या. शास्त्रीबुवांनी पहिलीला दुसरीची तक्रार सांगायला लावली. तिने नाक मुरडून सुरुवात केली, "हे म्हन्ते का, मी इच्या वांग्यावर पानी उडवतो, मुद्दाम." दुसरी म्हणाली, "मुद्दाम नाई म्हटलं मी. इतकी अक्कल तुले कुठून?" सभोवारची मंडळी हसली, त्या दोघीही हसल्या, आणि एकीने टोपली हातभर सरकवली.

मी शाळेत इंग्रजी शिकवीत असल्यामुळे तिकडच्या पंडितांविषयी ते मला रविवारी संध्याकाळी विचारीत. ग्रीस देशात एक पुरुष भर बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारी, आपल्याला काही येत नाही एवढे मात्र आपल्याला येते असे म्हणे, आणि शेवटी गावाने त्याला विषाचा पेला दिला, हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वार संपले मास्तर. नाहीतर त्याला ठेवून घेतले असते." पुढच्या रविवारपासून त्यांनी गौतममुनींच्या दिवसातला शेवटचा प्रहर त्या ग्रीकाला दिला, आणि त्या प्रहरात ते केवळ प्रश्न विचारीत. काकूंनी एवढीच चौकशी केली की याचे काही वेगळे पथ्य आहे काय.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

मी राहायला गेलो तेव्हा पाठशाळेत ओसरी भरेल इतके विद्यार्थी होते. कापसाचा भाव चढू लागला तसे ते गळू लागले. कोणी अडत्याकडे, कोणी सरकी काढण्याच्या रेच्यांवर, कोणी अकोल्याकडे लोहमार्गाचे काम सुरू होते तिकडे हजेरी मांडायला गेला. पहाटेपासून परतवाड्याच्या रस्त्याने कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे, आणि त्या रांगेकडे पाठ करून बसणे तरुण माणसाला अवघड होते. शास्त्रीबुवा कोणाला अडवीत नसत. जाणाऱ्याला ते त्या वाराप्रमाणे आशीर्वाद देत. शेवटी ओसरीवर एकच विद्यार्थी राहिला: त्यांचा मुलगा विनायक. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, उंच, कमी बोलणारा. वडिलांनंतर पाठशाळा त्याने चालवायची, हे ठरवण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती.

थंडीच्या दिवसांतला एक रविवार होता. शास्त्रीबुवा, विनायक आणि मी स्नानाहून परतत असता कापसाच्या बाजारात आरडाओरड ऐकू आली. एका व्यापाऱ्याच्या रुईच्या गंजीतून पांढरा लोट वर निघत होता. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. तिला ठिणगी लागली तर सारा बाजार जाईल. लोक घागरी घेऊन धावले. त्या गंजीचा सौदा त्याच सकाळी व्हायचा होता, आणि विकणारा व्यापारी सर्वांत पुढे उभा राहून पाणी ओता, पाणी ओता, असे सांगत होता. खरेदीला आलेले अकोल्याच्या पेढीचे मुनीम डोक्याला हात लावून उभे होते.

शास्त्रीबुवा गर्दीत शिरले आणि हात वर करून म्हणाले, "थांबा. आज रविवार आहे."

न्यायशास्त्राची ओळख ज्या दृष्टान्ताने होते तो असा: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. याच दृष्टान्ताला जोडून विद्यार्थ्याला बजावले जाते, की जे धुरासारखे दिसते ते धूरच आहे याची आधी खात्री कर. धुके, धूळ किंवा वाफ पाहून अग्नीचे अनुमान करू नकोस. शास्त्रीबुवांनी आपले पांढरे उपरणे त्या लोटावर धरले. ते काळवंडले नाही, ओले झाले. त्यांनी लोकांना विचारले, की कोणाचे डोळे चुरचुरतात काय, कोणाला जळका वास येतो काय. मग त्यांनी अनुमानाची पाच अंगे, प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंत, म्हणजे निष्कर्षापर्यंत, क्रमाने मांडायला प्रारंभ केला. तिसऱ्या अंगापर्यंत, म्हणजे उदाहरणापर्यंत, ते पोहोचले असतील, तोच विनायकाने बाही वर सारली आणि उजवा हात खांद्यापर्यंत त्या गंजीत घातला. काढला तेव्हा त्याच्या मुठीत दबलेली, कोमट, ओली रुई होती. वजन वाढावे म्हणून आत पाणी मारलेले होते. ते आतल्या आत तापून थंडीच्या सकाळी वाफ होऊन निघत होते. घागरी त्या गंजीवर रित्या झाल्या असत्या तर व्यापाऱ्याने मारलेले पाणी कोणते आणि घागरींचे कोणते, हे कळण्याची सोय उरली नसती.

व्यापारी गर्दीतून नाहीसा झाला. घरी येताना शास्त्रीबुवा फार आनंदात होते. मुलाच्या खांद्यावरचे कापसाचे तंतू झटकीत ते म्हणाले, "दोन अंगे राहिली होती रे. माझे निगमन तू खाल्लेस." विनायक हसला, पण तो मूठ मिटत होता आणि उघडत होता, हे मी पाहिले.

थोड्याच दिवसांत अकोल्याच्या मुनिमांचा निरोप आला. गंजीत हात घालून माल ओळखणारा मनुष्य त्यांना हवा होता. विनायकाने अकोल्यास यावे.

विनायकाने ही गोष्ट वडिलांपुढे सोमवारी सकाळी काढली. मी जिन्यावर होतो, आणि त्याने मला थांबायची खूण केली, म्हणून थांबलो. तो म्हणाला, "बाबा, पोथी वाचली का मी दुसऱ्याचं म्हननं सांगतो. कापसात हात घातला का मले सोताले कयते. मले जाऊ द्या."

ओसरीवर त्याच्या एकट्याचे आसन होते. तो गेला म्हणजे पाठशाळा गेली, हे तेथे कोणी बोलले नाही. बोलण्याची आवश्यकता नव्हती. शास्त्रीबुवांनी थोडा वेळ त्या आसनाकडे पाहिले आणि मग शांतपणे सांगितले, की प्रश्न मोठा आहे, तो सातही घरी विचारू.

त्याप्रमाणे विचारला गेला. सोमवारी कणादांनी सांगितले, की संयोग हा जसा एक गुण आहे तसा विभाग हाही गुणच आहे. जे जोडले गेले ते सुटते. मंगळवारी कपिलांनी पाहिले आणि काही केले नाही. बुधवारी मौन होते. गुरुवारी जैमिनींनी स्वच्छ नकार दिला: अध्ययन हा विधी आहे आणि विधीपुढे 'मला वाटते' या शब्दांना जागा नाही. शुक्रवारी अकोला आणि अमरावती ही केवळ नामरूपे ठरली. शनिवारी पाळी चार्वाकाची होती. त्याने जा म्हणून सांगितले, आयुष्य एकदाच मिळते. रविवारी गौतमांनी दोन्ही बाजूंची प्रमाणे मांडून निर्णय दिला, की येथे संशय आहे आणि संशय हा विचाराचा आरंभ असतो. शास्त्रीबुवा हे सर्व मनापासून करीत होते. विनायक रोज समोर बसून नम्रपणे ऐकत होता आणि रोज थोडा अधिक गप्प होत होता. मुनिमांची बैलगाडी सोमवारी अकोल्यास निघायची होती.

रविवारी उन्हे कलल्यावर काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लुगड्याच्या पदराला हात पुसत त्या ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या. एरवी शास्त्रीबुवांशी बोलायचे तरी त्या नजर दुसरीकडे ठेवीत. बोलणे मला किंवा भिंतीला उद्देशून असे. त्या दिवशी त्यांनी सरळ त्यांच्याकडे पाहिले.

"सातही झन बोलले," त्या म्हणाल्या. "मी आयकलं. आता पोराचा बाप काय म्हन्ते, ते मले आयकाचं हाये."

जी गोष्ट विचारायची नाही अशी मला अट होती, ती त्यांनी विचारली होती. शास्त्रीबुवांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. मला वाटते ते कोणत्या तरी घरातील शब्द शोधत होते. मग त्यांनी तोंड मिटले, आणि त्या दिवशीचा ग्रीकाचा प्रहर तसाच गेला.

सोमवारी सकाळी ते घरात नव्हते. काकूंनी धान्यबाजाराकडे बोट दाखवले; सोमवार असल्याने दाणे वेचायला गेले असतील असे आम्हा सर्वांनाच वाटले. मी शाळेचा रस्ता सोडून तिकडे गेलो. तेथे ते नव्हते. ते कापसाच्या बाजारात होते. सोवळे पाळणारा तो मनुष्य उपरणे कमरेला बांधून एका गंजीपाशी उभा होता, आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत रुईत गेलेला होता. तोलारी, हमाल, बंडीवाले त्याच्याकडे पाहत होते. एक हमाल म्हणाला, "शास्त्रीबुवा, आज कोन्या मुनीचा वार हाये?" त्यांनी ऐकले नसावे. त्यांनी हात काढला, दुसऱ्या गंजीपाशी गेले, पुन्हा हात घातला आणि डोळे मिटले.

ते परतले तेव्हा दंडाला कापूस चिकटलेला होता. आंघोळीला न जाता ते तसेच ओसरीवर आले. स्वतःच्या आसनावर न बसता विद्यार्थ्याच्या आसनावर बसले आणि विनायकाला समोर बसायला सांगितले. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मग ते बोलू लागले. तीन वर्षांत मी त्यांना सात प्रकारे बोलताना ऐकले होते. हा आठवा प्रकार होता. त्यात संस्कृतचा एक शब्द नव्हता.

"तुयं म्हननं असं हाये," ते म्हणाले. "कोरडी रुई मुठीत धरली अन् मूठ सोडली, का ते पुन्हा उमलते. ओली रुई तशीच मिटून राह्यते, रुसल्यावानी. हे तुले कोनी सांगतलं नाई. तुया हाताले कयलं. बराबर?"

"हो बाबा."

"वीस वर्सं मी तुले दुसऱ्याच्या घरी नेलं. सगळे चांगले लोक व्हते. पन तुले तुया हातानं एक तरी गोठ कयावी, असं वाटून राहिलं. बापाचा राग नाई, पोथीचा कंटाळा नाई. एवढंच हाये. बराबर?"

विनायकाने मान खाली घातली होती. "अजून एक हाये," तो म्हणाला.

शास्त्रीबुवा थांबले. नियमाप्रमाणे ते थांबायलाच हवे होते; पूर्वपक्ष अपुरा होता. ते पुष्कळ वेळ दंडावरचा कापूस चिमटीने काढत राहिले. मग सावकाश म्हणाले, "अन् आपून गेलो तं बाप एकटा पडन, याचं तुले भेव वाटते. म्हनून सात दिवस तू गप बसून आयकलं."

"हो," विनायक म्हणाला. "माह्यं म्हननं हेच."

आता उत्तरपक्षाची वेळ होती. मी त्या ओसरीवर असंख्य वाद ऐकले होते आणि हा क्षण मला ठाऊक होता: येथे शास्त्रीबुवा पाठ ताठ करीत, डावा हात गुडघ्यावर ठेवीत आणि प्रतिपक्षाचे घर अत्यंत आदराने, पायापासून, उतरवून ठेवीत. ते ताठ बसले. डावा हात गुडघ्यावर गेला. अंगणात गाय रवंथ करीत होती. नंतर त्यांनी तो हात उचलला आणि काकूंकडे पाहून विचारले, "आयकलं?"

"आयकलं," काकू म्हणाल्या, आणि शिदोरी बांधायला आत गेल्या.

विनायक दुपारच्या आधी निघाला. शास्त्रीबुवा त्याला पोचवायला वेशीपर्यंत गेले. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी काही उपदेश केला नाही. पुढच्या गंजीत डावा हात घालून पाहा, उजव्याला सवय झाली की तो आळशी होतो, एवढेच सांगितले.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचे भाव उतरले, आणि मुंबईकडची मंडळी ज्या घाईने आली होती त्याच घाईने गेली. विनायक अकोल्यासच राहिला. तो पेढीवर टिकला आणि पुढे तिकडेच त्याने संसार मांडला. गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोघे परत आले. ओसरी भरली नाही, पण रिकामीही राहिली नाही. शास्त्रीबुवांचा आठवडा पूर्वीसारखाच चालू होता. एकच बदल त्यांनी केला होता, आणि तो कोणाला मुद्दाम सांगितला नव्हता. कणादांना त्यांनी शनिवारी नेऊन बसवले होते. तेथे आधीच तिघे असल्याने कणादांची पाळी महिन्यातून एकदाच येई. काकूंचे म्हणणे असे, की दाणे वेचणाऱ्या मनुष्याला तेवढे पुरते.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. शाळेजवळ खोली मिळाल्यापासून माझे तिकडे जाणे कमी झाले होते. काकू उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होत्या. जुन्या सवयीने मी बाहेरच उभा राहिलो आणि विचारले, "काकू, आज कोण आहे घरात?"

सुपातला खडा बाजूला टाकून त्यांनी वर पाहिले.

"आज सोमवार," त्या म्हणाल्या. "आज ते सोताच हायेत. या, बसा."